ड्रेंच म्हणजे पाजणे

पावसाळ्यात गंगाखेडच्या मोंढ्यात एखाद्या कृषी सेवा केंद्रापाशी पाच मिनिटे उभे राहिलात, तर एक शब्द तुमच्या कानांवर नक्की पडेल. ‘कपाशी मान टाकायला लागली? मग फवारणी नको, ड्रेंचिंग करा.’ इंग्रजीचा गंध नसलेला शेतकरीही हा शब्द सहज वापरतो. औषधाचे पाणी झाडाच्या बुडाशी, मुळांना पोचेल असे ओतणे, म्हणजे ड्रेंचिंग. कृषी विद्यापीठाच्या पत्रकांत त्याला ‘आळवणी’ म्हणतात. (आळवणीचा दुसरा अर्थ विनवणी. ओढग्रस्त वर्षी शेतकऱ्याला दोन्ही प्रकारच्या आळवण्या कराव्या लागतात, ही गोष्ट वेगळी.)

आता शाळेत या. इंग्रजीच्या धड्यात कोणीतरी पावसात सापडतो आणि ‘ड्रेंच्ड’ होतो. शिक्षक अर्थ सांगतात: ओलाचिंब झालेला. आणि गुरांच्या दवाखान्यात पशुवैद्याचे इंग्रजी पुस्तक उघडले, तर तेथे ‘ड्रेंच’ म्हणजे जनावराला तोंडावाटे पाजायचे पातळ औषध. शेळ्यामेंढ्यांना जंताचे औषध पाजणे, ही क्रियाही ‘ड्रेंच’च.

चिंब भिजणे, मुळाशी औषध ओतणे आणि बकरीला औषध पाजणे! एका शब्दाला हे तीन अर्थ कसे चिकटले? यांपैकी सर्वांत जुना कोणता असेल? तुमच्यापैकी बहुतेकजण पावसाचे नाव घेतील. पण उत्तर आहे बकरीचे.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘पिणे’ या अर्थी ‘ड्रिंकान’ असे क्रियापद होते. तेच आजचे ‘ड्रिंक’. त्याच्या जोडीला दुसरे क्रियापद होते ‘ड्रेंचान’, म्हणजे प्यायला लावणे, पाजणे. तेच आजचे ‘ड्रेंच’. म्हणजे ड्रिंक आणि ड्रेंच यांचे नाते अगदी आपल्या ‘पिणे’ आणि ‘पाजणे’ यांच्यासारखे आहे. व्याकरणाच्या तासाला तुम्ही प्रयोजक क्रियापदे शिकता. कर्ता स्वतः क्रिया करत नाही, दुसऱ्याकडून करवतो, तेथे ही क्रियापदे येतात. मराठीत ती पुष्कळ वेळा आतला स्वर बदलून होतात. मरणे–मारणे, पडणे–पाडणे, चरणे–चारणे, गळणे–गाळणे, तुटणे–तोडणे, सुटणे–सोडणे. इंग्रजीतही असा स्वरबदल करून झालेल्या जोड्या आहेत, पण त्या आता थोड्याच उरल्या आहेत. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. ‘लाय’ म्हणजे आडवे होणे आणि ‘ले’ म्हणजे आडवे ठेवणे. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे. (नापास होण्याच्या ‘फेल’शी याचा संबंध नाही, घाबरू नका.) याच रांगेत ड्रिंक आणि ड्रेंच बसतात. जर्मन भाषेत तर ही जोडी अजून धडधाकट आहे. पिणे म्हणजे ‘ट्रिंकन’, गुरांना पाणी पाजणे म्हणजे ‘ट्रेंकन’.

हे साम्य योगायोगाचे नाही. इंग्रजी, जर्मन, संस्कृत आणि मराठी या एकाच आदिम भाषेच्या दूरदूर गेलेल्या लेकी-नाती आहेत. संस्कृतात प्रयोजक करताना धातूला ‘अय’ लागतो. सद् म्हणजे बसणे, त्याचे ‘सादयति’, म्हणजे बसवतो. इंग्रजी ‘सेट’ हा या ‘सादयति’चा सख्खा भाऊ आहे. इंग्रजीच्या पूर्वजभाषेतही त्या ‘अय’चा अवशेष म्हणून एक ‘य’ होता. त्या ‘य’ने दोन कामे केली. मागच्या अक्षरातला स्वर आपल्याकडे ओढून ‘ड्रँक’चे ‘ड्रेंक’ केले, आणि शेजारच्या ‘क’ला मऊ करून त्याचा ‘च’ केला. काम झाल्यावर ‘य’ स्वतः निघून गेला. म्हणून ड्रिंकमध्ये ‘क’ राहिला आणि ड्रेंचमध्ये ‘च’ आला.

गंमत अशी की आपल्या ‘पाजणे’मध्येही ‘य’नेच हा उद्योग केला आहे. संस्कृत ‘पा’ म्हणजे पिणे, आणि ‘पाययति’ म्हणजे पाजतो. या प्रयोजकातून निघालेल्या ‘पाय्य’ या रूपाचे प्राकृतात ‘पज्ज’ झाले आणि मराठीत ‘पाज’. ‘शय्या’ची ‘शेज’ झाली, ‘कार्य’चे ‘काज’ झाले, तसेच हे. ड्रेंचमधला ‘च’ आणि पाजण्यातला ‘ज’ हे दोघेही अशा रीतीने एका विरून गेलेल्या ‘य’च्या खुणा आहेत.

मग ‘पाजणे’ हा अर्थ ‘भिजवणे’पर्यंत गेला कसा? पायरीपायरीने. जुन्या इंग्रजीत ‘ड्रेंच’ म्हणजे घोट, आणि तोही बहुधा औषधाचा किंवा विषाचा. पाणी नको इतके पाजले, तर माणूस बुडतो. म्हणून मध्ययुगात ‘ड्रेंच’चा एक अर्थ बुडवणे असा झाला. ‘ड्राउन’ म्हणजे बुडणे, हा शब्दही बहुधा याच घराण्यातला. पुढे सोळाव्या शतकाच्या सुमारास वरून पाणी पडून चिंब होणे हा अर्थ रूढ झाला आणि बुडण्याचा अर्थ मागे पडला. गुरांच्या डॉक्टरांनी मात्र मूळ अर्थ सोडला नाही. धंद्यातले शब्द असे चिवट असतात. घरात नाहीसा झालेला अर्थ गोठ्यात टिकतो.

भिजण्यासाठी इंग्रजीत आणखी एक साधा शब्द आहे, ‘सोक’. तो ‘सक’ म्हणजे चोखणे याच्या नात्यातला. म्हणजे तेथेही तोंडच! ‘सॉडन’ हा शब्द तेवढा निराळा. तो ‘सीद’ म्हणजे उकळणे याचे जुने धातुसाधित आहे. मूळ अर्थ शिजलेला, मग शिजून गिळगिळीत झालेला, आणि शेवटी पाण्याने लदबदलेला.

आपण तरी वेगळे काय करतो? वांगी तेल पितात. नवी भिंत पाणी पिते. कोरडा टीपकागद शाई पितो. उन्हाळा तापला की जमीन पहिल्या पावसाचे पाणी गटागटा पिते आणि शेतकरी रात्री विजेची वाट पाहत उसाला पाणी पाजतो. भिजणे म्हणजे पिणे, ही कल्पना हजारो मैल दूर असलेल्या दोन समाजांना सुचली. मग प्रश्न पडतो, की जमीन खरोखरच पिते का? विज्ञानाला हे म्हणणे मान्य आहे का?

एक सोपा प्रयोग करा. गंगाखेडच्या परिसरात काळ्या मातीची वाण नाही. पूर्ण वाळलेले, लिंबाएवढे ढेकूळ घ्या. एका बशीत बोटाच्या पेरभर पाणी घालून त्यात ते ठेवा. ढेकूळ खालून काळेभोर होऊ लागेल आणि ओल वर चढेल. वास्तविक पाणी खाली वाहते, मग येथे वर कसे चढले? मातीच्या कणांमध्ये अतिशय बारीक पोकळ्या असतात. पाण्याच्या रेणूंना मातीच्या कणांचे आकर्षण असते आणि त्यांना एकमेकांचेही आकर्षण असते. कणांना चिकटत पाणी पुढे सरकते आणि मागच्या पाण्याला ओढून घेते. याला केशाकर्षण म्हणतात. नळी जितकी बारीक, तितके पाणी उंच चढते. एक दशांश मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत ते सुमारे १५ सेंटिमीटर चढते, आणि त्याच्या दहाव्या हिश्श्याइतक्या बारीक नळीत सुमारे दीड मीटर. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढते, सदऱ्याची बाही भिजली की ओल दंडापर्यंत येते, ते याच शक्तीने.

आता दुसरे ढेकूळ घ्या आणि ते काचेच्या पेल्यात पाणी भरून त्यात पूर्ण बुडवा. नीट पाहा. बुडबुडे निघतील, फुसफुस असा बारीक आवाज येईल आणि ढेकूळ विरघळल्यासारखे कोसळेल. ते बुडबुडे कशाचे? मातीच्या पोकळ्यांत आधी हवा होती. पाणी आत शिरले, हवेला जागा सोडावी लागली. घाईने कोंडल्या गेलेल्या हवेने बाहेर पडताना ढेकूळच फोडले. हा बुडबुडा लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचे मर्म त्यात आहे. जमिनीने पाणी प्यायचे, तर तिला श्वास सोडावा लागतो.

मराठवाड्याची काळी जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झाली. तिच्यात चिकणमाती भरपूर असते, आणि त्या चिकणमातीतले खनिज पाणी प्याले की फुगते, वाळले की आकसते. म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून धो धो आत जाते. पण माती फुगली, भेगा मिटल्या, की चित्र पालटते. आता पोकळ्या इतक्या बारीक, की पाणी खाली उतरता उतरत नाही. मग पाणी वरच साचते. ढेकळाच्या आतली निम्मी जागा पोकळ्यांची असते. ती सगळी पाण्याने भरली, म्हणजे जमीन संपृक्त झाली. काही दिवस उघडीप मिळाली, मोठ्या पोकळ्यांतले पाणी निथळले, त्यांत हवा परत आली आणि लहान पोकळ्यांत ओल राहिली, की शेतकरी म्हणतो, ‘वाफसा आला.’ मराठवाड्यात बरेचजण ‘वापसा’ म्हणतात. मातीत हवा आणि पाणी यांचा नेमका मेळ दाखवणारा इतका सुटसुटीत शब्द मला इंग्रजीत तरी सापडलेला नाही. तेथे ‘शेताची धारणक्षमता’ अशा अर्थाचा जोडशब्द वापरतात, आणि त्यात औत घालायला जमीन योग्य झाली हा आनंद नाही.

वाफसा न येता पाऊस पडतच राहिला, तर काय होते, ते गोदावरीकाठच्या लोकांना सांगायला नको. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि सोयाबीन, कापूस, तूर यांची उभी शेते पाण्याखाली गेली. अतिवृष्टी हा शब्द आपण सैलपणे वापरतो, पण सरकारी पंचनाम्यात त्याला माप आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस. ६५ मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर ६५ लिटर. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. गुणाकार करा. एका एकरावर एका दिवसात दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर! १० हजार लिटरचे सव्वीस टँकर एका एकरात ओतल्यासारखे. संपृक्त जमिनीला त्यांतला एकही रिचवता येत नाही.

अशा वेळी कपाशीत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. बरेच दिवस पाण्याचा ताण पडलेला असतो, मग एकदम जोराचा पाऊस होतो किंवा भरपूर पाणी दिले जाते. आणि हिरवीगार, बोंडांनी लगडलेली झाडे एक-दोन दिवसांत माना टाकतात. पाने लोंबतात, जशी उन्हाळ्यात तहानेने लोंबतात तशीच. बुडाशी पाणी आहे आणि झाड तहानलेले आहे! याला ‘आकस्मिक मर’ म्हणतात. तुरीची किंवा हरभऱ्याची मर बुरशीमुळे येते, तशी ही नव्हे. येथे रोगजंतू नाही. मग झाडाला झाले काय?

पेल्यातला बुडबुडा आठवा. मुळेही श्वास घेतात. पानांनी तयार केलेली साखर मुळांकडे येते, मुळे ती ऑक्सिजनच्या साहाय्याने जाळतात आणि त्या ऊर्जेवर क्षार आत घेतात, नवी टोके वाढवतात. हा ऑक्सिजन मातीतल्या हवेतून येतो. पोकळ्या पाण्याने भरल्या, की तो येण्याची वाट जवळजवळ बंद होते, कारण ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपटींनी हळू तो पाण्यात पसरतो. पाण्यात विरघळलेला जो थोडा असतो, तो मुळे आणि सूक्ष्मजीव मिळून लवकरच संपवतात. मग मुळांच्या पेशी गुदमरतात, त्यांच्यातला रस आम्ल होतो. पेशींच्या आवरणात पाणी आत घेण्याची सूक्ष्म द्वारे असतात, ती या आम्लतेमुळे मिटतात. वर ऊन पडलेले, पाने बाष्प सोडताहेत आणि खालून पुरवठा तुटलेला. दार बंद झालेल्या पाणपोईसमोर तहानेने व्याकूळ होऊन बसावे, तशी झाडाची अवस्था होते. झाड जितके मोठे आणि बोंडांनी भरलेले, तितकी त्याची मागणी जास्त. म्हणून नेमकी चांगली झाडेच आधी माना टाकतात.

भात मात्र पाण्यात उभा राहून डोलतो. कारण त्याच्या खोडामुळांत हवेच्या वाटा असतात. कमळाचा देठ आडवा कापून पाहा, त्यातली भोके तुम्हाला दिसतील. वरची हवा या नळ्यांतून खाली चिखलातल्या भागापर्यंत पोचते. कपाशीला आणि तुरीला निसर्गाने ही सोय फारशी दिलेली नाही.

आता मोंढ्यातला सल्ला पुन्हा ऐका. झाड पाण्याने गुदमरले आहे, आणि दुकानदार म्हणतो ड्रेंचिंग करा. म्हणजे आणखी पाणी पाजा? ऐकायला वेडेपणा वाटतो. पण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला नीट वाचला, तर पहिले काम वेगळे आहे. आधी चर काढून साचलेले पाणी शेताबाहेर घालवायचे. मग वाफसा येताच आळवणी करायची, आणि तीही मोजून, झाडाच्या बुडाशी. तिच्यात खत असते, कारण दुबळ्या झालेल्या मुळांना लांबून अन्न ओढून आणता येत नाही. आणि बुरशीनाशक असते, कारण गुदमरून जखमी झालेल्या मुळांवर बुरशी टपलेली असते. आळवणीनंतर झाडाजवळची माती पायाने दाबून घ्यायला सांगतात. हे सगळे झाड मलूल दिसू लागल्यावर लवकरात लवकर व्हायला हवे. चार दिवसांनी मुळे मेलेली असतात आणि मग ओतलेला पैसा मातीत जातो. ‘ड्रेंचिंग’ एवढा एकच शब्द कानात धरून, पाणी न काढता चिखलात औषध ओतणारे पुष्कळ आहेत. ज्याला पाजायचे तो गिळण्याच्या अवस्थेत आहे का, हे आधी पाहायला हवे.

जनावराच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे. घशात अन्ननलिका आणि श्वासनलिका यांची तोंडे शेजारी असतात. गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडते आणि घोट अन्ननलिकेत जातो. पूर्वी बांबूचे तिरके कापलेले नळकांडे गुरांना औषध पाजायला वापरीत. इंग्लंडात त्यासाठी बैलाचे शिंग वापरीत. साधन कोणतेही असो, चूक एकच होते. घाईने मान आभाळाकडे वर करायची, जीभ ओढून धरायची आणि भडाभडा ओतायचे. मान फार वर केली किंवा जीभ धरली, तर जनावराला नीट गिळता येत नाही. औषध श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसाचा दाह होऊन धडधाकट शेळीही दगावते. म्हणून नाक डोळ्यांच्या पातळीवर राहील एवढीच मान उचलावी, गालाच्या कोपऱ्यातून थोडे थोडे पाजावे, गिळू द्यावे, आणि ठसका लागताच मान सोडून द्यावी. उठू न शकणाऱ्या, अर्धवट शुद्धीतल्या जनावराला तोंडाने काही पाजूच नये, पशुवैद्याला बोलवावे. तुमच्या घरी शेळ्या असतील, तर हा परिच्छेद घरी मोठ्याने वाचून दाखवा.

पावसात भिजलेल्या माणसाचे काय? त्याचे कपडे प्यायलेले असतात, तो नव्हे. चिंब सदऱ्या-पॅन्टीत अर्धा लिटर पाणी सहज राहते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तर अर्ध्या लिटराला दोन लाख नव्वद हजार. ही सगळी उष्णता ५० किलो वजनाच्या शरीरातूनच काढली, तर त्याचे तापमान सुमारे ७ अंशांनी उतरेल! प्रत्यक्षात बरीचशी उष्णता हवा पुरवते आणि शरीरही नवी उष्णता निर्माण करते, म्हणून आपण नुसते कुडकुडतो. ओले कपडे आधी बदल, असे घरचे ओरडतात, त्यामागे हा हिशेब आहे.

जाता जाता ‘पाजणे’ या शब्दाचे आणखी दोन पराक्रम. मागावर ताणा चढवण्यापूर्वी सुताला खळ देतात, म्हणजे ते विणताना तुटत नाही. विणकर या कामाला ‘पाजणी’ म्हणतात. सुताला खळ पाजायची! आणि लोहार विळा लालभडक तापवून पाण्यात बुडवतो, तेव्हा तो विळ्याला ‘पाणी पाजतो’. तापलेले पोलाद एकदम थंड झाले, की त्यातल्या कार्बनच्या अणूंना बाहेर सरकायला वेळ मिळत नाही, ते लोखंडाच्या स्फटिकांत अडकून पडतात आणि पाते कठीण होते. येथे पोलादाच्या आत पाण्याचा एक थेंबही जात नाही. तरीही भाषेच्या मते विळा पाणी प्यालेला असतो. पावसाळ्यापूर्वी भात्यापाशी विळे-कुऱ्हाडी घेऊन माणसे बसलेली दिसली, तर तो चर्र आवाज ऐकायला जरूर थांबा. पाण्यातून विळा काढल्याबरोबर तो कोरडा होतो, तेही पाहा, आणि का होतो ते वरच्या हिशेबावरून सांगा.